गोदाघाटाच्या चित्रांचा एनएफटी संग्रह: स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट उभारण्यापासून विक्री बंद करण्यापर्यंत

दिवंगत निसर्गचित्रकार शिवाजी तुपे यांच्या नाशिक शहरात गोदाघाटावर रंगपेटी उघडून बसलेले विद्यार्थी आजही दिसतात, आणि २०२७ च्या सिंहस्थाकडे डोळे लावून बसलेले छायाचित्रकार तर पुष्कळ आहेत. त्यांतील काही जण आपले काम एनएफटी संग्रहाच्या रूपाने, म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल नोंदवहीत नोंदलेल्या क्रमांकित टोकनांच्या रूपाने, विकू पाहतात, पण स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्राम, या शब्दापाशी अडतात. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. २०२१-२२ मधील तेजी केव्हाच ओसरली असून अनेक संग्रहांना आज गिऱ्हाईक नाही, हे आधीच मनाशी ठेवावे. आपल्या कामाला जाणकार घेणारे थोडे का होईना आहेत, अशी खात्री असेल तरच पुढच्या खटाटोपाला अर्थ आहे.

कॉन्ट्रॅक्ट एकदा ब्लॉकचेनवर डिप्लॉय केले, म्हणजे चढवले, की त्याचा कोड बदलता येत नाही. त्यात जे अधिकार आपण स्वतःसाठी लिहून ठेवले असतील तेवढेच नंतर हाती राहतात आणि जे लिहायचे विसरले ते कायमचे जातात. म्हणून कॉन्ट्रॅक्ट सांभाळण्याचे बहुतेक काम ते डिप्लॉय करण्यापूर्वीच, कागद-पेन घेऊन करायचे असते. लेखभर एकच उदाहरण धरू: गोदाघाटाची ३०० जलरंगचित्रे, प्रत्येक चित्राचे एकच टोकन.

टोकन आणि हक्क

एनएफटी संग्रहाचे कॉन्ट्रॅक्ट हा एक छोटा प्रोग्राम असतो आणि कोणत्या क्रमांकाचे टोकन कोणत्या वॉलेटकडे, म्हणजे ब्लॉकचेनवरील खात्याकडे, आहे याची नोंदवही त्याच्या पोटात असते. नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात छापलेल्या शंभराच्या दोन नोटांचे क्रमांक वेगळे असले तरी दुकानदाराला दोन्ही सारख्याच असतात. येथे मात्र सगळा अर्थ त्या क्रमांकालाच असतो, कारण ४७ क्रमांकाचे टोकन एका विशिष्ट चित्राकडे बोट दाखवते. इथेरियम ही ब्लॉकचेन आणि तिच्याशी सुसंगत साखळ्या (ब्लॉकचेन) यांवर यासाठी २०१८ च्या जानेवारीत मांडले गेलेले ईआरसी-७२१ हे मानक वापरतात. एकाच चित्राच्या पन्नास सारख्या आवृत्त्या विकायच्या असतील, तर ईआरसी-११५५ अधिक सोयीचे पडते.

टोकन विकल्याने चित्राचा कॉपीराइट आपोआप विकला जात नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कॉपीराइटचे हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. त्यामुळे खरेदीदाराला नेमके काय मिळते, म्हणजे घरी लावण्यापुरती छपाई करता येईल का, व्यावसायिक वापर करता येईल का, मूळ कागदी चित्र सोबत मिळेल का, हे सोप्या मराठीत आणि इंग्रजीत लिहून संग्रहाच्या माहितीसोबत कायमचे जोडून ठेवावे. छायाचित्रकारांनी आणखी एक गोष्ट तपासावी. कोणी मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला कॉपीराइटधारक, वेगळा करार नसेल तर, याच कायद्याच्या कलम १७ नुसार ते काढून घेणारा असतो. लग्नाच्या किंवा जाहिरातीच्या कामातील उत्तम छायाचित्र आपल्याच हार्ड डिस्कवर असले, तरी ते मिंट करण्याचा, म्हणजे त्याचे टोकन काढण्याचा, हक्क आपल्याकडे असेलच असे नाही. घाटावरच्या साधूंची किंवा यात्रेकरूंची ओळख पटेल अशी छायाचित्रे विकायची असतील, तर त्यांची लेखी संमती घेणे मला आवश्यक वाटते.

साखळीची निवड

यात फार वेळ घालवू नये. इथेरियमची मुख्य साखळी सर्वांत जुनी आणि संग्राहकांच्या सर्वाधिक विश्वासाची आहे, पण गर्दीच्या वेळी तिच्यावरील गॅस, म्हणजे व्यवहारशुल्क, चढते. बेससारख्या, इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या दुसऱ्या स्तरावरील साखळ्यांचे शुल्क मार्च २०२४ मधील डेनकुन सुधारणेनंतर बरेच उतरले, आणि पॉलिगॉन पूर्वीपासूनच स्वस्त आहे. चित्राची किंमत काही हजार रुपये असेल तर स्वस्त साखळी घ्यावी, कारण शुल्क किंमतीच्या मानाने मोठे वाटले की खरेदीदार मागे फिरतो.

बाजारपेठेच्या सामायिक कॉन्ट्रॅक्टमध्ये मिंट करण्याऐवजी स्वतःचे कॉन्ट्रॅक्ट असावे, असे माझे ठाम मत आहे. बाजारपेठा येतात आणि जातात; एक्सटूवायटू ही एकेकाळची मोठी बाजारपेठ २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद झाली. स्वतःचे कॉन्ट्रॅक्ट असेल तर बाजारपेठ बंद पडली तरी नोंदवही जागच्या जागी राहते आणि संग्रह दुसरीकडे दाखवता येतो. कोड लिहिता येत नसेल तर मॅनिफोल्ड किंवा थर्डवेबसारख्या साधनांनी स्वतःच्या नावाचे कॉन्ट्रॅक्ट उभारता येते, पण साधन वापरले म्हणून जबाबदारी टळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये थर्डवेबने आपल्या काही तयार कॉन्ट्रॅक्टमध्ये सुरक्षेची त्रुटी असल्याचे जाहीर केले, तेव्हा ती वापरणाऱ्यांना स्वतःच हालचाल करून जुने कॉन्ट्रॅक्ट गोठवावे आणि टोकन नव्या कॉन्ट्रॅक्टवर न्यावे लागले.

चित्रे आणि मेटाडेटा

चित्राची फाइल सहसा साखळीवर नसते, कारण तेवढी जागा परवडत नाही. कॉन्ट्रॅक्ट प्रत्येक क्रमांकासाठी एक पत्ता देते, त्या पत्त्यावर मेटाडेटाची, म्हणजे चित्राच्या शीर्षक-तपशिलांची, लहान जेसन फाइल असते आणि त्या फाइलमध्ये चित्राचा पत्ता असतो. या दुव्यांपैकी एक तुटला तरी खरेदीदाराच्या वॉलेटमध्ये रिकामी चौकट दिसू लागते. म्हणून साध्या वेबसाइटचा पत्ता कधीही देऊ नये. डोमेनचे नूतनीकरण राहिले की संग्रह आंधळा होतो. आयपीएफएस या विकेंद्रित फाइल-साठवणुकीत फाइलचा पत्ता तिच्या आशयावरूनच ठरतो, त्यामुळे फाइल बदलली तर पत्ताही बदलतो आणि गुपचूप अदलाबदल करता येत नाही. मात्र आयपीएफएसवर फाइल टिकण्यासाठी कोणीतरी ती पिन करून, म्हणजे आपल्या संगणकावर राखून, ठेवावी लागते. पिनाटासारखी सशुल्क सेवा घ्यावी, शिवाय दुसऱ्या एका सेवेवर प्रत ठेवावी आणि मूळ स्कॅन घरच्या डिस्कवर जपावेत. आरवीव्ह या कायमच्या साठवणुकीच्या जाळ्यावर शुल्क एकदाच भरायचे असते, तोही विचार करण्याजोगा पर्याय आहे.

मेटाडेटातील गुणविशेष कंटाळून भरू नयेत. संग्राहक त्यांवरूनच चाळणी लावतात, आणि नाशिकच्या संग्रहाला नाशिकचेच गुणविशेष हवेत. ऋतू, प्रहर आणि घाटाचे नाव तर द्यावेच, पण चित्र पावसाळ्यातले असेल तर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले होते तेही द्यावे. गोदावरीचा पूर नाशिककर याच मूर्तीवरून मोजतात. गुडघा, कंबर, छाती असे तीन-चार टप्पे ठरवून ते सगळ्या फाइलींत अगदी एकाच शुद्धलेखनात लिहावेत. एका फाइलीत ‘कंबर’ आणि दुसरीत ‘कमरेपर्यंत’ असे झाले की बाजारपेठेला ते दोन वेगळे गुणविशेष वाटतात.

दोन तांत्रिक बारकावे नवख्यांना हमखास अडवतात. ओपनझेपलिन या मोफत कोडसंग्रहातील तयार कोडमध्ये मूळ पत्ता आणि टोकन क्रमांक थेट एकापुढे एक जोडले जातात. त्यामुळे मूळ पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ नसेल तर सर्व पत्ते चुकतात; आणि फाइलच्या नावाला जेसनचे शेपूट असेल तर ते जोडणारा कोड आपल्याला वेगळा लिहावा लागतो, नाहीतर फाइलींची नावे नुसते क्रमांक ठेवावी लागतात. दुसरा बारकावा देवनागरीचा आहे. मेटाडेटा यूटीएफ-८ मध्ये साठवला की मराठी शीर्षके व्यवस्थित दिसतात, पण कॉन्ट्रॅक्टच्या कोडमध्ये संग्रहाचे नाव मराठीत लिहायचे असेल तर सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्टच्या भाषेच्या ०.७ आवृत्तीपासून त्या मजकुरापूर्वी युनिकोड हा उपसर्ग द्यावा लागतो, अन्यथा कोड कंपाइलच होत नाही. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते, आणि ३१ बाइटपर्यंतचे नाव साठवणुकीच्या एकाच खणात मावते. ‘गोदाघाट’ हे नाव २१ बाइटांत बसते. लांबलचक नाव ठेवले तर डिप्लॉय करण्याचा खर्च थोडा वाढतो, एवढेच.

अधिकारांचा कागद

आता सर्वांत महत्त्वाचे काम. कोडची एकही ओळ लिहिण्याआधी एका कागदावर प्रत्येक अधिकार लिहावा आणि त्यापुढे तो कोणाकडे असेल, केव्हापर्यंत असेल आणि त्याचा गैरवापर झाल्यास खरेदीदाराचे काय नुकसान होईल, याची उत्तरे लिहावीत. जाणकार खरेदीदार कॉन्ट्रॅक्ट उघडून हेच वाचतो.

टोकनांची कमाल संख्या ३०० ही कोडमध्ये स्थिर असावी आणि ती वाढवण्याचा अधिकार कोणालाही, आपल्यालाही, नसावा. चित्रकाराने स्वतःसाठी पंधरा टोकने राखून ठेवायची असतील तर तो आकडा आधीच जाहीर करून कोडमध्ये घालावा. किंमत बदलण्याचा अधिकार विक्री संपेपर्यंत ठेवणे योग्य आहे, कारण इथरचा, म्हणजे इथेरियमच्या चलनाचा, रुपयातील भाव हलत असतो. विक्री थांबवण्याचा अधिकार जरूर ठेवावा, पण तो केवळ नव्या खरेदीपुरता असावा. विकल्या गेलेल्या टोकनांचे हस्तांतर थांबवण्याचा अधिकार आपल्या हाती ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेवर कुलूप लावण्याची सोय करून ठेवणे होय, आणि त्याचे समर्थन मला करता येत नाही. मेटाडेटाचा मूळ पत्ता बदलण्याचा अधिकार सुरुवातीला लागतो, कारण चुका निघतात. मात्र त्यासोबत कायमचे गोठवण्याचे फंक्शनही लिहावे, जे एकदा चालवल्यावर पत्ता कोणालाच बदलता येणार नाही.

पूर्ण कोडच नंतर बदलता येईल अशी प्रॉक्सी रचना अनेक शिकवण्यांमध्ये सुचवली जाते. वित्तीय प्रोटोकॉलसाठी ती कधी कधी गरजेची असते. तीनशे चित्रांच्या संग्रहासाठी ती अनावश्यक आहे, कारण ज्याच्या हाती ती किल्ली असेल तो मालकीची नोंदवहीसुद्धा बदलू शकतो.

जमा झालेले पैसे काढण्याच्या अधिकाराबद्दल थोडे सविस्तर सांगतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये अकुटार्स नावाच्या संग्रहाच्या लिलावात ११,५३९ इथरहून अधिक रक्कम, त्या वेळच्या भावाने सुमारे ३.४ कोटी डॉलर, कॉन्ट्रॅक्टमध्ये कायमची अडकली. संघाला पैसे काढता येण्यापूर्वी सर्वांचे परतावे पूर्ण व्हावेत, अशी सद्हेतूची अट कोडमध्ये होती. पण परताव्यांची मोजणी बोली लावणाऱ्या व्यक्तींनुसार होत होती आणि तिची तुलना एकूण बोलींशी केली जात होती. एका व्यक्तीने अनेक बोली लावल्या असल्यामुळे पहिला आकडा दुसऱ्यापर्यंत कधी पोहोचणारच नव्हता. ही चूक कोणा चोराने केलेली नव्हती, आणि विक्रीनंतर पैसे काढण्याची संपूर्ण रंगीत तालीम चाचणी-साखळीवर केली असती तर ती सापडण्यासारखी होती.

माझी शिफारस अशी की पैसे काढण्याचे फंक्शन शक्य तितके साधे असावे: कॉन्ट्रॅक्टमधील सर्व शिल्लक आधीच ठरवलेल्या एका पत्त्यावर पाठवायची, बाकी अट कोणतीही नाही. पत्ता कायमचा ठरलेला असेल तर हे फंक्शन कोणीही चालवले तरी बिघडत नाही, कारण पैसे जाणार आपल्याकडेच. चित्रकार, छायाचित्रकार आणि कोड लिहिणारा असे हिस्सेदार असतील तर एकाच फंक्शनमधून सर्वांना ओळीने पैसे पाठवू नयेत. एकाच्या वॉलेटने रक्कम नाकारली की सगळ्यांचेच पैसे अडतात. प्रत्येकाने आपला हिस्सा स्वतः येऊन न्यावा, अशी वाटणीची रचना करावी.

चाव्या कोणाकडे

तो ठरलेला पत्ता आणि कॉन्ट्रॅक्टची मालकी, दोन्ही एकाच व्यक्तीच्या मोबाइलमधील वॉलेटकडे असू नयेत. सेफ या नावाचे अनेक सह्यांचे वॉलेट उभारून तीनपैकी दोन सह्या आवश्यक ठेवाव्यात: एक चित्रकाराची, एक कुटुंबातील विश्वासू व्यक्तीची, एक तांत्रिक सहकाऱ्याची. निदान दोघांकडे लेजर किंवा ट्रेझरसारखे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चावी स्वतःतच राखणारे छोटे उपकरण, असावे. वॉलेट परत मिळवून देणारे १२ किंवा २४ शब्द कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. त्यांचा फोटो काढू नये आणि ते व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर कधीही पाठवू नयेत. हे शब्द मागणारा प्रत्येक जण, तो कितीही अधिकृत वाटला तरी, फसवणारा असतो.

सेफ ज्या साखळीवर उभारले आहे त्याच साखळीवर ते वापरावे. इथेरियमवर असलेले सेफ त्याच पत्त्यावर बेसवर किंवा पॉलिगॉनवर आपोआप तयार झालेले नसते. २०२२ मध्ये विंटरम्यूट या कंपनीने ऑप्टिमिझम साखळीवर अद्याप न उभारलेल्या अशाच पत्त्यावर २ कोटी ओपी टोकन मागवले आणि ते आधी दुसऱ्यानेच ताब्यात घेतले. मोठमोठ्यांची ही गत होते, तेव्हा आपण आधी नाममात्र रक्कम पाठवून आणि परत काढून पाहावी.

कॉन्ट्रॅक्ट लिहिणे

ईआरसी-७२१ चा गाभा स्वतः लिहू नये. ओपनझेपलिनचा तपासलेला कोड घ्यावा आणि त्यावर आपले विक्रीचे नियम तेवढे बसवावेत. मालकीसाठी त्यातील दोन टप्प्यांचा प्रकार निवडावा, ज्यात नव्या मालकाने स्वीकार केल्याशिवाय हस्तांतर पूर्ण होत नाही. त्यामुळे चुकीच्या पत्त्यावर मालकी निघून जात नाही.

बहुतेक शिकवण्या क्रमाने किंवा सोडतीने टोकन देणारी रचना शिकवतात: आधी खरेदी, मग काही दिवसांनी कोणाला कोणते चित्र मिळाले याचा उलगडा. हातांनी काढलेल्या चित्रांसाठी ही रचना मला गैरलागू वाटते. ज्याला नारोशंकराच्या देवळाचे धुक्यातले चित्र आवडले आहे त्याला तेच घेता आले पाहिजे. म्हणून खरेदीच्या फंक्शनने चित्राचा क्रमांक मागावा. या फंक्शनने क्रमाने तपासायच्या गोष्टी अशा: विक्री चालू आहे का, क्रमांक १ ते ३०० मध्ये आहे का, राखीव तर नाही ना, आणि पाठवलेली रक्कम किमतीइतकीच आहे का. रक्कम नेमकी तेवढीच असावी ही अट महत्त्वाची आहे. ‘तेवढी किंवा जास्त’ असे लिहिले तर चुकून आलेली जादा रक्कम कॉन्ट्रॅक्टमध्ये राहते, आणि नेमकेपणाची अट असेल तर ऐन वेळी किंमत बदलली तरी जुन्या किमतीचा व्यवहार आपोआप रद्द होतो. दोघांनी एकाच क्षणी एकच चित्र निवडले तर ज्याचा व्यवहार आधी नोंदला जाईल त्याला ते मिळते. दुसऱ्याची रक्कम त्याच्याकडेच राहते, पण गॅस मात्र जातो. हे विक्रीच्या पानावर आधीच स्पष्ट लिहावे. क्रमाने अनेक टोकने स्वस्तात मिंट करणारा ईआरसी-७२१ए हा कोड प्रसिद्ध आहे, परंतु क्रमांक निवडू देणाऱ्या संग्रहाला तो उपयोगी नाही.

किंमत वेई या एककात लिहावी लागते आणि १ इथर म्हणजे १ वर १८ शून्ये इतके वेई. ०.०२ इथर म्हणजे २ वर १६ शून्ये. एखादे शून्य कमी पडले तर चित्र दहावा हिस्सा किमतीत जाईल आणि तो व्यवहार मागे घेता येणार नाही. वेळेचेही तसेच आहे. साखळीवरील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार सेकंदांत मोजतात, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. संध्याकाळी ७ वाजता विक्री सुरू करायची असेल तर दुपारी १:३० ची जागतिक वेळ सेकंदांत रूपांतरित करून घालावी.

ओपनझेपलिनचे टोकन मिंट करणारे सेफमिंट हे फंक्शन (सेफ वॉलेटशी त्याचा संबंध नाही), टोकन घेणारा पत्ता कॉन्ट्रॅक्टचा असेल तर, त्या कॉन्ट्रॅक्टला हाक मारते. याच क्षणी लबाड कॉन्ट्रॅक्ट परत आपल्या खरेदी-फंक्शनमध्ये शिरू शकते. त्यामुळे प्रत्येकी टोकनांची मर्यादा ठेवली असेल तर कोणी किती घेतली याची मोजणी मिंट करण्यापूर्वी वाढवावी, नंतर नव्हे, आणि ओपनझेपलिनचा पुनःप्रवेश रोखणारा पहारा लावावा. अशी मर्यादा प्रति वॉलेट असते, प्रति माणूस नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. एक माणूस दहा वॉलेट उघडू शकतो.

रॉयल्टीसाठी, म्हणजे पुढच्या प्रत्येक पुनर्विक्रीतील आपल्या हिश्शासाठी, ईआरसी-२९८१ हे मानक जोडावे. ओपनझेपलिनमध्ये तिचे प्रमाण दहा हजारांपैकी किती असे द्यायचे असते: ५ टक्क्यांसाठी ५०० लिहावे, ५ लिहिले तर ०.०५ टक्केच मिळेल. रॉयल्टीचा पत्ता कॉन्ट्रॅक्टचा न देता सेफचा द्यावा. मात्र हे मानक बाजारपेठेला केवळ माहिती देते, वसुलीची सक्ती करत नाही. ओपनसी या मोठ्या बाजारपेठेने ऑगस्ट २०२३ अखेर आपली सक्तीची व्यवस्था काढून टाकली आणि तेव्हापासून साध्या संग्रहांच्या बाबतीत रॉयल्टी देणे पुष्कळदा विक्रेत्याच्या मर्जीवर राहिले आहे. हिशेब पहिल्या विक्रीवरच मांडावा.

चाचणी आणि डिप्लॉय

हार्डहॅट किंवा फाउंड्री यांपैकी एक साधन शिकावे आणि प्रत्येक नियमासाठी चाचणी लिहावी. काठावरचे आकडे मुद्दाम घ्यावेत: क्रमांक ०, १, ३०० आणि ३०१, किमतीपेक्षा एक वेई कमी, एक वेई जास्त. मालक नसलेल्या वॉलेटने किंमत बदलायचा प्रयत्न केल्यास तो फसतो का, गोठवल्यानंतर पत्ता बदलता येतो का, हेही तपासावे. स्लिदर हे मोफत साधन कोडमधील नेहमीच्या चुका दाखवते. यानंतर सेपोलियासारख्या चाचणी-साखळीवर, जिथले इथर मोफत मिळते, पूर्ण विक्री करून पाहावी. मित्रांना खरेदी करायला लावावी, विक्री थांबवून पुन्हा सुरू करावी, मेटाडेटा गोठवावा आणि पैसे सेफमध्ये काढून तिथून दोन सह्यांनी पुढे पाठवावेत. शेवटचा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच सोडला जातो. तोच सोडू नये. नाशिकमध्ये सॉलिडिटी जाणणारे तरुण आता सापडतात. त्यांतील एखाद्याला, ज्याने हा कोड लिहिलेला नाही अशाला, मोबदला देऊन सर्व ओळी वाचायला द्याव्यात.

मुख्य साखळीवर डिप्लॉय केल्यावर लगेच इथरस्कॅनवर, किंवा त्या साखळीच्या तशाच दर्शकावर, कोड पडताळून प्रसिद्ध करावा. त्यासाठी कंपायलरची आवृत्ती, ऑप्टिमायझरची मांडणी आणि सुरुवातीला दिलेली मूल्ये तंतोतंत जुळावी लागतात, म्हणून ती डिप्लॉय करतानाच लिहून ठेवावीत. न पडताळलेल्या कॉन्ट्रॅक्टमधून शहाणा माणूस काही घेत नाही. त्यानंतर मालकी सेफकडे सोपवावी आणि सेफमधून स्वीकारावी, मगच विक्री जाहीर करावी.

विक्रीचा दिवस

त्या दिवशी नवे काही करू नये. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आपल्या वेबसाइटवर आणि सर्व समाजमाध्यमांवर सारखाच दिसतो का ते पाहावे, कारण चित्रे उचलून त्याच नावाचा बनावट संग्रह काढणारे लगेच उगवतात. पहिली खरेदी आपल्याच दुसऱ्या वॉलेटने करावी आणि पाच-दहा चित्रे विकली गेली की एकदा पैसे काढून पाहावेत. काही विपरीत दिसले तर विक्री थांबवावी, कारण कळवावे आणि घाईत दुरुस्ती करू नये. ‘तुमचा संग्रह विकत घ्यायचा आहे, या दुव्यावर सही करा’ असे संदेश त्या आठवड्यात हमखास येतात. सर्व टोकनांवर परवानगी मागणाऱ्या व्यवहारावर सही केली तर राखून ठेवलेली टोकने एका फटक्यात जातात.

विक्रीनंतर: कर, नोंदी, देखभाल

विक्री संपल्यावर खरेदीचे फंक्शन कायमचे बंद करावे, सर्व ३०० पत्ते उघडून तपासावेत आणि मगच मेटाडेटा गोठवावा. त्यानंतर मालकी सोडून द्यावी का, हा प्रश्न येतो. मालकी सोडली की खरेदीदारांचा विश्वास वाढतो, पण बाजारपेठांवरील संग्रहाचे पान संपादित करण्याचा आणि रॉयल्टीचा पत्ता बदलण्याचा मार्गही बंद होतो. सर्व धोक्याचे अधिकार आधीच गोठवलेले असतील तर मालकी सेफकडे राहू द्यावी, असे मी सुचवेन.

इथरचे रुपये करताना वित्तीय गुप्तवार्ता एकक, भारत यांच्याकडे नोंदणी असलेल्या एक्सचेंजचाच वापर करावा. मार्च २०२३ पासून या व्यवसायांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे. करांच्या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या (एनएफटीही तिच्यात मोडतात) हस्तांतरातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर, शिवाय उपकर लागतो. संपादनाच्या खर्चाखेरीज दुसरी वजावट मिळत नाही आणि तोटा इतर उत्पन्नातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरील मोबदल्यावर १ टक्का उद्गम करकपातही आहे. ज्या टोकनासोबत मूळ वस्तूची मालकी कायदेशीररीत्या हस्तांतरित होते ते ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने या व्याख्येतून वगळले आहे, त्यामुळे कागदी चित्र सोबत देणाऱ्यांचे गणित वेगळे होऊ शकते. स्वतः निर्माण केलेल्या चित्राच्या पहिल्या विक्रीचे उत्पन्न कोणत्या सदरात दाखवायचे आणि जीएसटी लागतो का, हे विक्रीपूर्वीच सनदी लेखापालांना विचारावे. जुने लेख वाचताना काळजी घ्यावी, कारण त्यांतील कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे असतात आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये ते वेगळे आहेत.

लेखापालांना द्यायची वही पहिल्या विक्रीपासूनच ठेवावी: तारीख, टोकन क्रमांक, मिळालेले इथर, त्या दिवशीचा रुपयातील भाव, व्यवहाराचा साखळीवरील क्रमांक आणि लागलेला गॅस. त्याच वहीच्या पहिल्या पानावर कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, साखळीचे नाव, सेफचा पत्ता, सह्या करणाऱ्या तिघांची नावे आणि पिन सेवांच्या नूतनीकरणाच्या तारखा लिहाव्यात आणि ती वही कुठे आहे हे घरातील एका व्यक्तीला सांगून ठेवावे. वर्षातून एकदा दोन-चार टोकने उघडून चित्रे दिसतात ना हे पाहावे, आणि सह्या करणाऱ्यांपैकी कोणी बदलले असेल तर उरलेल्या दोघांच्या सह्यांनी सेफमधील नाव त्याच आठवड्यात बदलून घ्यावे.